उसण, पट्टा आणि पन्नास किलोची गोणी

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की तुमच्या कामात तुम्हाला काय काय उचलावं लागतं ते कळवा, वाटलं चार-पाच जण लिहितील, तर फोनमध्ये ढीगच लागला. गॅस सिलिंडर, सिमेंट, पेशंट, कपड्याचे तागे, पाण्याचे जार, हॉलवरच्या गाद्या, एकाने तर चक्क गणपती लिहिलंय. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही म्हणून थोडेच निवडलेत, आधी त्यांचा प्रश्न आणि खाली माझं उत्तर. मी फिजिओ आहे, कोपरखैरण्यात बसते, आणि माथाडीची मुलगी आहे, त्यामुळे कुठे तोंड जास्त चाललं तर घरचं समजून सोडून द्या.

ताई, तुर्भ्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. खोकी १८ ते २२ किलोची, एकेक पोरगा दिवसाला दोनशेच्या वर हाताळतो. कंपनीने 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' असे पोस्टर लावलेत, ट्रेनिंग झालं, सगळ्यांच्या सह्या पण घेतल्या. तरी सहा महिन्यांत चार जणांची कंबर गेली. पोरं ऐकतच नाहीत हो, कसं समजावू?

पोरांना राहू दे दादा, आधी खोकं कुठे ठेवलंय ते बघ. मी एकदा अशाच एका गोडाऊनला गेले होते, ओळखीच्या मॅनेजरने बोलावलं होतं की जरा पोरांना व्यायाम शिकवा म्हणून, तर व्यायाम राहिला बाजूला, मी टेप घेऊन मोजत बसले. पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी चौकट, जमिनीवर, खालचा थर घोट्याच्या उंचीला, आणि पॅलेट भिंतीला लावलेलं, म्हणजे पलीकडची खोकी काढायला पोरगा एक पाय पॅलेटवर टेकवून आडवा होऊन हात लांबवतोय. आता ह्याला गुडघे वाकव म्हणून सांगायचं तर तो वाकवणार कुठे, गुडघ्याच्या पुढे तर खोकी आहेत! डोक्यावर तेच पोस्टर होतं, छान लॅमिनेट केलेलं.

तुमच्याकडे मोठा प्लॅटफॉर्म काटा असेल तर त्याची दांडी आठवून बघ, लहानसं वजन दांडीवर लांब सरकवलं की पलीकडची अख्खी गोणी तोलली जाते. आपल्या कंबरेत हाच हिशोब चालतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात आणि खोकं पुढे पन्नास सेंटिमीटरवर धरलंस तर दहापट झालं ना, म्हणजे २० किलोचं खोकं सावरायला स्नायूंना २०० किलोची ओढ लावावी लागते, वरच्या अंगाचं स्वतःचं वजन तर अजून धरलंच नाही मी. तेच खोकं पोटाला चिकटवून धरलं की भार निम्म्यावर येतो, खोकं मात्र तेच.

अमेरिकेत नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, कामाच्या जागी होणाऱ्या इजांवर संशोधन करणारी, त्यांचं वजन उचलण्याचं एक गणित आहे. त्यात सगळं अगदी मनासारखं असलं तर, म्हणजे वजन अंगाजवळ, कंबरेच्या आसपासच्या उंचीला, पकडायला नीट, अंग न वळवता आणि अधूनमधूनच उचलायचं असेल तर मर्यादा २३ किलो धरतात. आता तेच जमिनीवरून उचलायचं आणि घोट्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे असेल तर मर्यादा नऊ किलोच्याही खाली जाते, त्यात कंबर वळवायची असेल तर आणखी कमी आणि मिनिटाला चार-पाच वेळा उचलायचं असेल तर आणखीनच कमी. तुझी खोकी बावीसची. मग पोस्टर काय करणार बिचारं?

आणि हे मी मनाचं सांगत नाहीये, बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून तपासलं गेलंय, नुसतं 'कसं उचलायचं' शिकवून कंबरदुखी टळते असा पुरावा काही सापडला नाही. गुडघे वाकवणं वाईट नाही, पण खोकं दोन गुडघ्यांच्या मधे मावण्याएवढं असेल तरच त्याचा फायदा, मोठं खोकं असेल तर गुडघे मधे येतात आणि ते उलट अंगापासून लांब जातं.

तर उद्या कामावर गेलास की एवढं कर. भरलेल्या पॅलेटखाली दोन-तीन रिकामी पॅलेट घाल, फुकटात फूटभर उंची मिळते (नीट बसतायत का, हलत नाहीत ना ते बघून, नाहीतर कंबर वाचवायच्या नादात पाय मोडून घ्याल). पॅलेट भिंतीपासून एवढं सोड की चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे. रॅकवर जड माल मांडीपासून छातीपर्यंतच्या कप्प्यात आणि हलका माल वर-खाली, तुमच्याकडे बहुतेक उलटं असेल, कारण माल जसा येतो तसा रिकाम्या जागेत कोंबतात. खोक्यावर जाड मार्करने किलो लिहायला लाव. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची गोष्ट 'मला वाटलं हलकं आहे' इथूनच सुरू होते, आणि 'भरलेलं असेल' समजून रिकामं खोकं जोरात उचललं तरी तेवढाच झटका बसतो. एकच पोरगा दिवसभर अनलोडिंगला ठेवू नकोस, दीड-दोन तासांनी स्कॅनिंगवाल्याशी अदलाबदल कर. हॅन्ड पॅलेट ट्रक असेल तर त्याची चाकं बघ, ती जाम असतात म्हणूनच पोरं हाताने नेतात, आळस वगैरे काही नाही.

मॅनेजर ऐकत नसेल तर चार पोरांच्या सुट्ट्या आणि बदली माणसांची हजेरी एका कागदावर मांडून दाखव, तो कागद बरोबर वाचतात. आणि त्या चौघांपैकी कुणाला उचलतानाच अचानक कळ आली असेल तर त्याची लेखी नोंद त्याच दिवशी व्हायला हवी होती. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असेल आणि कामावरची इजा म्हणून मान्य झालं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने मिळतो, पण नोंद नसेल तर ते आजारपण म्हणून जातं आणि तिथे ७० टक्के. पोरांना हे माहीत नसतं आणि सांगायला कुणी जात नाही.

माझे मिस्टर एपीएमसीत कांदा-बटाट्याला आहेत, वय ४४. पाठ सारखी धरते. मी त्यांना कंबरेचा पट्टा आणून दिला तर आता रात्री झोपताना पण काढत नाहीत. पट्टा चांगला ना? अजून काय करू? (घणसोलीची वाचक)

वहिनी, पट्टा रात्री तरी काढायला लावा हो, झोपेत कुठली गोणी उचलतात! पट्ट्याने बरं वाटतं हे खोटं नाही, शेक दिल्यासारखं ऊबदार वाटतं, आधार वाटतो, दुखत असताना थोडे दिवस लावला तर लावू दे. पण पट्टा लावला म्हणून इजा टळेल असं नाही. अमेरिकेतच दुकानात माल चढवणाऱ्या नऊ हजारांवर कामगारांचा अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला, रोज पट्टा लावणारे आणि न लावणारे यांच्यात कंबरेच्या दुखण्यात काही फरक निघाला नाही. माझी खरी भीती वेगळीच आहे, पट्टा आवळला की माणसाला जोर आल्यासारखं वाटतं आणि तो एक गोणी जास्त उचलतो.

माझे वडील मसाला मार्केटला होते. मूळचे आम्ही पाटणकडचे, त्यांनी मस्जिद बंदरला पण हमाली केलेली, मग बाजार वाशीला आला तसे इकडे आले. पहाटे उठले की पहिला अर्धा तास ते खाली वाकायचेच नाहीत, दाराशी उभ्याने चहा घ्यायचे, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे आणि मग आईलाच सांगायचे की चपला पुढे सरकव. आम्हाला वाटायचं काय हा रुबाब. पुढे कॉलेजात शिकले तेव्हा कळलं की रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो, आणि अशा फुगलेल्या गादीवर वाकल्याचा ताण जास्त येतो. ह्यांना पण पहिली गाडी उतरवायच्या आधी तेवढं चालायला लावा, टोळीत हसले तर हसू देत.

गोणीचं म्हणाल तर १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली होती की मोठ्या पुरुषाने उचलायचं वजन ५५ किलोच्या वर असेल तर ते लवकरात लवकर तिथपर्यंत खाली आणा. आपल्याकडे ५० किलोच्या वरच्या गोणीवरून माथाडींची भांडणं कितीदा झालीत ते तुम्हाला मी काय सांगणार. पण ५० म्हणजे काही सुरक्षित वजन नव्हे, वरचा नायॉशचा २३ चा आकडा बघा. म्हणून गोणी येते कुठून ते महत्त्वाचं. थप्पीवरून किंवा गाडीच्या फाळक्यावरून सरळ पाठीवर घेतली तर ती अंगालगत येते, पाय भार घेतात, आणि हीच जमिनीवरून एकट्याने ओढून मांडीवर आणि मांडीवरून पाठीवर घेतली तर कंबर तिथेच जाते. जमिनीवरची गोणी दोघांनी उचलून द्यायचीच, घाई असली तरी. वारई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, नगावर मिळते, घाई का होते ते मला चांगलं कळतं, माझी फी त्यातूनच भरली गेलीये.

आणि त्यांची चप्पल बघा एकदा. गाडीला लावलेल्या फळीवर कांद्याची सालं पडलेली असतात, वर पावसाचं पाणी, त्यावर झिजलेली स्लीपर. पाठीवर पन्नास किलो असताना पाय सटकला की पडू नये म्हणून माणूस जो हिसका घेतो ना, त्यातही कंबर जाते, नुसती उचलण्यातच नाही. पट्ट्यापेक्षा त्या पैशात चांगले पकड असलेले बूट आले असते, पण असू दे, आता आणलाय तर आणलाय.

छोटा टेम्पो आहे स्वतःचा. भिवंडीहून माल भरतो, घोडबंदर रोडला दुकानांत टाकतो. खड्डे तर तुम्हाला माहीतच आहेत. गाडीतून उतरून पहिलं खोकं उचललं की चमक निघते, नंतर दिवसभर काही नाही. असं का?

कारण तुम्ही दीड तास वाकून बसलेले असता आणि वरून गाडी हादरवत असते. बसल्यावर कंबर मागच्या बाजूला गोल होते, मागचे लिगामेंट, म्हणजे मणके बांधून ठेवणारे पट्टे, हळूहळू ताणून सैल पडतात आणि उतरल्यावर ते लगेच जागेवर येत नाहीत, त्यांना वेळ लागतो. तुम्ही मात्र ब्रेक मारला, उडी मारली आणि उचललं. ती उडी आधी बंद करा, गाडीकडे तोंड करून पाय टाकत उतरा. मग चलन दाखवा, सही घ्या, दुकानदाराशी दोन शब्द बोला, ही सगळी उभ्याने करायची कामं आधी उरका, चार-पाच मिनिटं जातात तेवढ्यात. कंबरेवर हात ठेवून दोन-चार वेळा मागे झुका. खोकं आत हात घालून उचलायचं नाही, आधी फाळक्यापर्यंत ओढत आणायचं आणि मग पोटाशी घेऊन उचलायचं, वळताना कंबरेतून नाही तर पायांनी वळायचं. भरतानाच शेवटच्या दुकानाचा माल आत आणि पहिल्याचा दाराशी.

मागच्या खिशात पाकीट ठेवता का? जाड असेल तर काढा, एका कुल्ल्याखाली इंचभर जाड पाकीट घेऊन तासन् तास बसलं की कधीकधी नसच दुखायला लागते.

नौपाड्यात एका आजींकडे बारा तासांच्या ड्युटीला आहे. पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू. बेडवरून व्हीलचेअरवर मी एकटीच घेते. त्या माझ्या गळ्यात हात टाकतात नि मी उचलते. माझी पाठ आणि मान दोन्ही गेलीये. सोडू का काम?

ताई, आधी तो गळ्यातला हात सोडवा. माणूस म्हणजे काही खोकं नाही, मधेच घाबरतो, लटकतो, आणि गळ्यात लटकला की सगळं वजन तुमच्या मानेवर. आजींच्या कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा, पकडायला. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, बेडला तिरकी आणि अगदी लागून लावा, ब्रेक लावा, पाय ठेवायची पट्टी दुमडा (ही राहतेच, आणि पोटरीला लागते). उठवताना हाताला धरून ओढायचं नाही, कुशीवर वळवा, पाय बेडवरून खाली सोडा आणि खांद्याला आधार द्या, पाय खाली जातात तसं वरचं अंग आपोआप उठायला मदत होते. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येतेय का विचारा. मग त्यांना पुढे झुकवायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं, तेव्हा कुल्ले आपोआप हलके होतात, तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवून ठेवा आणि 'उठा' म्हणून दोघींनी एकदम. त्यांच्या डाव्या पायात जोर असेल तर अर्धं काम त्या करतील, त्यांना करू द्या.

बेडवर वर सरकवायला मात्र एकटीने जायचंच नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी जाड चादर त्यांच्याखाली कायम घालून ठेवा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा, दोघींनी दोन बाजूंनी कडा मुठीत गुंडाळायच्या आणि सरकवायचं, उचलायचं नाही. चादरीच्या खाली जुनी नायलॉनची साडी घातली तर लोण्यासारखं सरकतं, फक्त काम झालं की साडी काढून घ्या, नाहीतर आजीच सरकतील खाली. नौपाड्यातल्या जुन्या घरांत बेड भिंतीला टेकलेलाच असतो, तो दोन फूट पुढे ओढायला सांगा आणि पायांखाली पक्के ठोकळे लावून घ्या, तुमच्या कमरेपर्यंत उंची आली पाहिजे.

आणि कधी त्या पडायला लागल्या तर झेलायला जाऊ नका. अंगाशी धरून हळूहळू जमिनीवर बसू द्या आणि मग मदत बोलवा. घरचे ओरडतील कदाचित. त्यांना हे पान दाखवा. काम सोडायचं का ते मी कसं सांगणार, पण दिवसातून दोनदा तरी मदतीला दुसरं माणूस पाहिजे ही अट घालून बघा, रात्रीची बाई आणि तुम्ही ड्युटी बदलताना एकत्र असताच की, आंघोळ-कपडे त्या वेळेला ठेवा.

एमआरआयमध्ये एल ४-एल ५ ला, कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांत, 'गॅप' आलाय म्हणे. वय ३८, रबाळ्याला प्रेसवर काम करतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारचे म्हणतात महिनाभर फळीवर झोपून राहा, आणि आई पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेला) माणूस शोधतेय लाथ मारायला. कुणाचं ऐकू?

डॉक्टरांचं, पण थोडं माझंही ऐका. 'गॅप' हा शब्द रिपोर्टात कुठेच नसतो, तो आपल्या मराठीत तयार झालाय. रिपोर्टात बहुतेक 'डिस्क बल्ज' असं असेल, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली. ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढून १९९४ साली अमेरिकेत तपासले होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांमध्ये कुठे ना कुठे बल्ज सापडला. चाळिशीत डोक्यात पांढरे केस सापडावेत तसं आहे हे. नस खरोखर दाबली गेली असेल तर पायात कळ जाते, मुंग्या येतात, ते वेगळं, आणि तेही बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं.

महिनाभर झोपून राहण्याचा सल्ला आता कुणी जाणकार देत नाही. एखाददुसरा दिवस फारच दुखत असेल तर पडा, त्यानंतर घरात चालाफिरायला लागा, थोडं दुखलं तरी. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. कामावर परत जाताना पहिले काही दिवस हलकं काम मागून घ्या, एकदम प्रेसवर उभे राहू नका.

मात्र लघवी अडली, किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. कंबरेबरोबर ताप असेल, उगाच वजन उतरत असेल किंवा उंचावरून पडून सुरू झालं असेल तरी लवकर दाखवा.

आता पायाळू. माझ्या आजीने माझ्या वडिलांना अशी लाथ मारून घेतली होती, बरंही वाटलं होतं, पण उसण तशीही बरी होणारच होती ना! नस दबलेल्या कंबरेवर लाथ म्हणजे नको ते ओढवून घेणं. आईला सांगा पायाळू माणसाला घरी चहाला बोलवा हवं तर.

कळव्याला पाण्याचे जार पोचवतो, चार मजले, लिफ्ट नाही. टिप द्या.

२० लिटर म्हणजे २० किलो आणि वर जार. एकच न्या, खांद्यावर घेतला तर दर मजल्याला खांदा बदला, एक हात कठड्याला मोकळा पाहिजे. जार उचलून उलटा करून डिस्पेन्सरवर बसवणं हे जिने चढण्याइतकंच त्रासाचं आहे, गिऱ्हाइकांना जारच्या तोंडाला लावायचा पंप घ्यायला सांगा, तो स्वस्तात येतो आणि जार खालीच राहतो. चौथ्या मजल्याचे जास्त पैसे घेता की नाही? घ्या.

मंडळाचा गणपती सात फुटी. दरवर्षी ट्रकवरून उतरवताना कुणाची तरी कंबर धरतेच. आठ-दहा जण असून असं का होतं?

आठ-दहा जण असून नाही, आठ-दहा जण असतात म्हणूनच. सगळे एकाच उंचीचे नसतात, त्यामुळे उंच माणसावर भार येतो, कुणी नुसताच हात लावून फोटोत असतो, आणि मधेच कुणी हात बदलला की बाजूच्यावर अचानक सगळं वजन. सारख्या उंचीचे समोरासमोर उभे करा, पाटाखालून आडवे बांबू घाला म्हणजे धरायला नीट येईल, जायची वाट आधी चालून बघा आणि वायरी, चपला, लहान पोरं बाजूला करा. ट्रकपासून मांडवापर्यंत चाकाची ट्रॉली मिळाली तर उत्तमच. आणि 'मोरया' म्हणायच्या आधी 'एक दोन तीन' कोण म्हणणार ते ठरवून घ्या, दोघं जण म्हणायला लागले की निम्मे दोनला उचलतात आणि निम्मे तीनला.